वाळवंटातली मॅरेथॉन, पाणी आणि मीठ



गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणांनी फोन करून मला एकच प्रश्न विचारला. माझे धाकटे दीर वयाच्या 66 व्या वर्षी एलातच्या डोंगरात पूर्ण मॅरेथॉन धावले हे खरे का, आणि खरे असेल तर घरच्यांनी त्यांना जाऊ कसे दिले? एक बाई तर रागावूनच बोलल्या, "सिस्टर, तुमच्यासारखी नर्स घरात असताना?"

खरे आहे. ते धावले, आणि मी त्यांना जाऊ दिले. पण त्याआधी दीड वर्षापूर्वी माझ्याच हातून त्यांच्या बाबतीत एक मोठी चूक झाली होती. ती चूक आपल्या वयाच्या कुणाच्याही घरी होऊ शकते, म्हणून या वेळी रक्तदाब आणि गुडघे बाजूला ठेवून तीच गोष्ट सांगते. मॅरेथॉन तुम्ही धावणार नाही आहात, हे मला ठाऊक आहे. पण शरावच्या दिवशी दुपारी बस चुकली म्हणून घरापर्यंत चालत येणारे तुमच्यातले पुष्कळ आहेत. शरीराचे नियम दोघांना सारखेच.

आधी ही शर्यत काय असते ते थोडक्यात सांगते. मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. दिमोनाहून बेर शेवाला जायला रस्त्याने जेवढे अंतर पडते, त्याहूनही थोडे जास्त. भावजींनी याआधी तिबेरियाची मॅरेथॉन दोनदा केली होती. ती किन्नेरेतच्या काठाकाठाने जाते, रस्ता बराचसा सपाट, बाजूला पाणी, आणि जागा समुद्रसपाटीच्याही 200 मीटर खाली. एलातची गोष्ट वेगळी. तिथे डोंगर आहेत, लाल आणि काळसर ग्रॅनाइटचे, मध्येच पिवळट वालुकाश्माचे. वाट चढते, उतरते, पुन्हा चढते. वर्षभरात तिथे पाऊस पडतो तो 30 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अलिबाग-रेवदंड्याला आषाढात एखाद्या जोरदार सरीत पडेल तेवढा. झाड नाही, सावली नाही. शिवाय मोठ्या शहरातल्या शर्यतीसारखी गर्दीही नाही. पहिले काही किलोमीटर झाले की धावणारे पांगतात आणि पुढचा माणूस दिसेनासा होतो. देखावा मात्र असा की माणूस मान वर करून पाहतच राहतो. पायाखाली खडी असताना हे धोक्याचे, पण त्यावर पुढे बोलू.

आता माझी चूक.

मे महिना होता. भावजींनी एलातचे मनावर घेतले होते आणि सरावाला ते येरुहामजवळच्या मख्तेश गदोलमध्ये जात. त्या दिवशी त्यांना 24 किलोमीटर करायचे होते, थोडे धावत, थोडे चालत. त्या वर्षीचा तो पहिलाच कडक उन्हाचा दिवस होता. मी आणि माझे यजमान गाडी घेऊन ठरलेल्या वळणांवर थांबायचो. मी बर्फाचे पाणी भरून दोन मोठे कॅन घेतले होते आणि प्रत्येक वळणावर मी त्यांना जबरदस्तीने पाणी पाजत होते. "तहान नाही वहिनी," असे ते दोनदा म्हणाले. मी म्हटले, "भावजी, वाळवंटात तहान लागेपर्यंत थांबायचे नसते. प्या." त्यांनी मान ठेवला आणि प्यायले. साडेचार तासांत साधारण पाच लिटर साधे पाणी त्यांच्या पोटात गेले. सकाळी पाव आणि चहा घेतला होता, त्यानंतर खाल्ले जवळजवळ काहीच नाही.

शेवटच्या वळणावर ते आले तेव्हा त्यांचे डोके दुखत होते आणि मळमळत होते. बोटातली अंगठी घट्ट झाली म्हणून ते ती फिरवत होते. हे मी पाहिले, आणि पाहूनही मला काही सुचले नाही. मला वाटले ऊन लागले. मी आणखी एक पेला पाणी दिले. ते त्यांना उलटून पडले. मी पुन्हा दिले. गाडीत बसल्यावर ते माझ्या यजमानांकडे बघून मला विचारू लागले, "भाऊ अजून कामावरून आला नाही का?" भाऊ गाडी चालवत होता.

आम्ही सरळ इस्पितळ गाठले. रक्त तपासले तेव्हा सोडियम 124 निघाले. रक्ततपासणीच्या कागदावर सोडियमच्या ओळीपुढे 135 ते 145 अशी नेहमीची मर्यादा छापलेली असते, तुमचे जुने कागद काढून पाहा. 124 म्हणजे पुष्कळ कमी. पाणी कमी पडल्याने हे झाले नव्हते. पाणी जास्त झाले होते आणि रक्तातले मीठ पातळ झाले होते. शिरेतून मिठाचे घट्ट पाणी हळूहळू देऊन डॉक्टरांनी त्यांना परत शुद्धीत आणले. दोन रात्री तिथे काढाव्या लागल्या. 31 वर्षे नर्सिंग केलेली मी, आणि जे विष झाले होते तेच मी पेल्यापेल्याने त्यांना पाजत होते.

मीठ पातळ झाले की नेमके काय होते, हे समजून घ्या. सोडियम हे पाण्याला त्याच्या जागी धरून ठेवते. रक्तात ते कमी झाले की पाणी पेशींच्या आत शिरते आणि पेशी फुगतात. हाताची बोटे फुगली तर अंगठी घट्ट होते, त्याने काही बिघडत नाही. पण मेंदू कवटीच्या हाडात बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून डोकेदुखी, मळमळ, उलटी, मग भ्रम, आणि त्याच्याही पुढे गेले तर फिट येऊन माणूस दगावू शकतो.

हे फक्त वाळवंटातच होते असेही नाही. अमेरिकेत बोस्टनच्या 2002 सालच्या मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर 488 धावपटूंचे रक्त तपासले होते. त्यातल्या 13 टक्के लोकांचे सोडियम कमी निघाले, आणि तिघांचे तर जिवावर बेतेल इतके. बोस्टन काही नेगेव नव्हे. मग कमी कुणाचे झाले? वाटेत इतके प्यायले होते की शर्यतीच्या शेवटी ज्यांचे वजन उलट वाढलेले होते त्यांचे, आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला त्यांचे. म्हणजे पुढे पळणाऱ्यांपेक्षा मागून हळू येणाऱ्यांना याचा धोका अधिक. हळू जाणाऱ्याला घाम कमी येतो, आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी थांबायला वेळ असतो.

भावजींच्या बाबतीत आणखी एक कारण निघाले, आणि वाचकहो, इथे जरा लक्ष द्या. ते रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होते, थायाझाइड जातीची. ही चांगली गोळी आहे, तुमच्यातले पुष्कळजण ती घेत असतील आणि त्यांना तिचा फायदाच होत असेल. पण ती लघवीवाटे मीठ बाहेर टाकते, आणि वय वाढले की या गोळीवर असलेल्यांचे सोडियम कमी होण्याचा संभव वाढतो. त्यात पाच लिटर पाणी. त्यांच्या डॉक्टरांनी नंतर गोळी बदलून दिली. कृपा करून हे वाचून कुणीही आपली गोळी बंद करू नका. पुढच्या वेळी कुपात होलीममध्ये जाल तेव्हा एवढेच विचारा, "माझी गोळी लघवी वाढवणारी आहे का, आणि माझे सोडियम शेवटचे कधी तपासले?"

मग तुम्ही म्हणाल, सिस्टर, इतकी वर्षे तुम्हीच सांगत आलात की उन्हाळ्यात पाणी प्या, आता सांगता पिऊ नका. नाही, असे मी म्हणत नाही. पाणी कमी पडण्याचा धोकाही खराच आहे, आणि आपल्या वयात तो तरुणांपेक्षा जास्त आहे. 1984 साली प्रसिद्ध झालेला एक छोटासा पण महत्त्वाचा प्रयोग मी विद्यार्थिनींना नेहमी सांगत असे. 67 ते 75 वयाचे सात निरोगी पुरुष आणि सात तरुण यांना 24 तास पाणी दिले नाही. मग पुढे पाणी ठेवले. शरीराला पाण्याची गरज असूनही म्हाताऱ्यांना तहान कमी लागली, तोंडही तितकेसे कोरडे वाटले नाही, आणि ते प्यायलेही कमी. तहानेची घंटा म्हातारपणी उशिरा वाजते, आणि हळू वाजते.

त्यात आपण कोकणातून आलेले लोक. लहानपणी घाम म्हणजे काय ते आपण तिथे शिकलो. मे महिन्यात नुसते ओट्यावर बसले तरी मानेवरून पाणी ओघळते, सदरा पिळून काढावा. हवेतच इतका ओलावा असतो की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि जो घाम वाळला नाही, नुसता टपकला, त्याने अंग थंड होत नाही. घाम वाळतानाच तो अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे 580 कॅलरी उष्णता नेतो. नेगेवात आणि एलातला हवा इतकी कोरडी की घाम सुटला त्याच क्षणी वाळतो. कपाळ कोरडे, सदरा कोरडा. कोकणातून आलेल्या माणसाला वाटते, "आज घामच नाही." आणि तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी अंगातून निघून गेलेले असते. संध्याकाळी गडद रंगाच्या सदऱ्यावर पांढऱ्या रेघा दिसतात ना, ते त्या न दिसलेल्या घामाचे मीठ. माझ्या सासूबाई 1960 च्या दशकात दिमोनाला आल्या तेव्हा म्हणायच्या, "इथे कपडे छान वाळतात." माणसेही वाळतात, हे त्यांना दोन उन्हाळ्यांनी कळले.

म्हणजे एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला विहीर. तहानेवर सगळा भरवसा ठेवता येत नाही आणि डोळे मिटून पाणीही ओतता येत नाही. मग करायचे काय? भावजींनी जे केले ते मला फार आवडले, कारण त्याला एक साधा वजनकाटाच लागतो. इस्पितळातून आल्यावर त्यांनी नियम केला. चालायला निघण्याआधी लघवी करून कमी कपड्यांत वजन करायचे, आणि आल्यावर अंग पुसून पुन्हा करायचे. वाटेत काय प्यायले ते लिहायचे. एक किलो कमी झाले म्हणजे एक लिटर पाणी गेले. हिवाळ्यात सकाळी एक तास धावताना त्यांचे 700 ग्रॅम जात, उन्हाळ्यात सकाळी लवकर निघूनही किलोच्या वर. त्यावरून त्यांनी ठरवले की शर्यतीत तासाला साधारण अर्धा लिटर प्यायचे, घोटाघोटाने, जाते त्याहून थोडे कमीच, आणि त्याबरोबर खारट काहीतरी खायचे. वजन थोडे कमी झाले तर चालेल. वजन वाढता कामा नये.

तुम्हीसुद्धा एक दिवस हे करून पाहा. रोजच्या अर्ध्या तासाच्या फेरीत बहुतेकांचे दोन-तीनशे ग्रॅमच जातील. तेवढे घरी येऊन एक-दीड पेला प्यायले की भरून निघते. त्यासाठी खास मीठ, पुड्या, रंगीत सरबते काही लागत नाही. दुपारच्या जेवणात जे मीठ आहे तेच पुरते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी तर "घाम येतो" म्हणून मीठ वाढवू नये. दोन-तीन तासांहून अधिक वेळ उन्हात कष्ट होणार असतील, तरच मिठाचा विचार. तेव्हा भाताची पातळ पेज चिमूटभर मीठ घालून, किंवा खारे ताक, हे आपले जुने उपाय कुठल्याही बाटलीबंद पेयाला हार जात नाहीत. पेजेत पाणी, मीठ आणि साखरेचे काम करणारा तांदूळ, तिन्ही आले. ज्यांचे हृदय कमजोर आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, ज्यांना डॉक्टरांनी दिवसाचे पाणी मोजून दिले आहे, त्यांना मात्र यातले काही लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांचाच आकडा धरावा. आणि व्हॉट्सॲपवर "सकाळी उठल्यावर चार पेले, झोपताना दोन पेले" असे जे संदेश फिरतात ते माझ्याकडे पाठवणे आता थांबवा, ही विनंती. वाचून माझाच रक्तदाब वाढतो.

माणूस उन्हात बरळू लागला तर पाणी कमी झाले की मीठ, हे घरच्या घरी ओळखत बसू नका. मी ओळखू शकले नाही. उन्हाचा तडाखा बसलेल्याचे अंग तापलेले असते, ताप 40 च्या वर जाऊ शकतो आणि तोही असाच बरळतो. भ्रम दिसला की 101 ला, मगेन दाविद अदोमला, फोन करा. अंग तापलेले लागले तर गाडी येईपर्यंत सावलीत आणून कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओता आणि वारा घाला. आधी थंड करायचे, मग न्यायचे, हा क्रम महत्त्वाचा. पण शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनळीत जाऊ शकते, आणि कधी कधी, आमच्यासारखे, तेच दुखण्याचे मूळ असते. गोळ्यांची यादी हाताशी असू द्या, ती डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

आता डोंगराकडे वळू. चढाची सगळ्यांना भीती वाटते, उताराची कुणालाच नाही. वास्तविक उलटे असायला हवे. दहा टक्के चढ, म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 10 मीटर वर, एवढ्यानेसुद्धा धावण्याचे कष्ट सपाटीच्या दीडपटीहून जास्त होतात. पण चढ प्रामाणिक आहे. दम लागतो, आपण हळू होतो. भावजी सगळे चढ चालत चढले आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. बोलता आले पाहिजे, गाता आले नाही तरी चालेल, एवढी त्यांची मोजणी. मनगटावरच्या घड्याळात नाडी दिसते त्यावर ते विसंबत नाहीत, आणि तुम्हीही विसंबू नका, विशेषतः हृदयाचे ठोके हळू करणारी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी घेत असाल तर. त्या गोळीने नाडी वाढतच नाही, आणि घड्याळ "सर्व ठीक" म्हणत राहते.

उतार मात्र फसवतो. दम लागत नाही, म्हणून माणूस सुटतो. पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो. स्नायू आखडताना काम करतो तेव्हा त्याला इजा कमी होते, ताणला जात असताना ओझे पेलतो तेव्हा त्याचे सूक्ष्म धागे तुटतात. त्याचे दुखणे लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी कळते. जिना चढताना धाप लागते आणि उतरताना गुडघे कुरकुरतात, हा तुमचा रोजचा अनुभव याच कारणाचा. आणि आपल्या वयाची माणसे जिन्यावर पडतात ती बहुधा उतरतानाच.

याला उपायही त्याच स्नायूंत आहे. उताराचा थोडासा सराव एकदा झाला की पुढचे काही आठवडे तेच काम केले तरी इजा पुष्कळ कमी होते. भावजी दर पंधरा दिवसांनी एकदा मुद्दाम उतारावर सराव करीत, लहान पावले टाकीत, गुडघे किंचित वाकवून. आपल्यासाठी याचीच घरगुती आवृत्ती म्हणजे खुर्ची. न हलणारी, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. उभे राहा आणि मनात चारपर्यंत मोजत हळूहळू बसा. धपकन बसायचे नाही, हेच सगळे गुपित. मग हवा तर हाताचा आधार घेऊन उठा. आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. पहिल्या दोन दिवशी मांड्या दुखतील, तिसऱ्या खेपेपासून दुखणार नाहीत. मी स्वतः 71 व्या वर्षी हे करते, रेडिओवरच्या बातम्या लागल्या की. उताराच्या रस्त्यावर काठी घेण्याची लाज बाळगू नका. डोंगरात जाणारी तरुण मुले दोन-दोन काठ्या घेतात, कारण त्याने गुडघ्यावरचा भार हलका होतो. आणि देखावा पाहायचा असेल तर थांबून पाहा. चालताना डोळे वाटेवर. दोन वर्षांपूर्वी आमच्या क्लबच्या सहलीत मनगट मोडले ते असेच, मान वर आणि पाय खाली.

खाण्याबद्दल थोडेच लिहिते. 65 किलोचा माणूस मॅरेथॉनमध्ये 2,700 च्या आसपास कॅलरी जाळतो. यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर साधारण 2,000 कॅलरींपुरतीच असते, म्हणून 30 किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात. चरबीतून ताकद मिळतेच, पण तिची चूल मंद. त्यामुळे वाटेत खावे लागते. भावजींनी अरावातले मेजूल खजूर नेले होते, बी काढून मीठ लावलेले, आणि खारे शेंगदाणे. तुमच्यात मधुमेही असतील, त्यांनी यातून एवढेच घ्यावे की चालण्याने साखर उतरते. इन्सुलिनवर असाल किंवा साखर खूप उतरवणारी गोळी असेल तर खिशात दोन साखरेचे खडे असू द्या, आणि घरी आल्यावर मोजे काढून दोन्ही तळपाय डोळ्यांनी पाहा. बधिर पायाला फोड कळत नाही. दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन जातीच्या, आधीच घेऊन उन्हात चालायला जाऊ नका. अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

आता मूळ प्रश्न, मी त्यांना जाऊ कसे दिले. भावजी वयाच्या 48 व्या वर्षापासून धावतात. साठीनंतर कुणी उठून मॅरेथॉन सुरू करतो म्हणाला तर मी त्याला आडवी येईन. भावजींना मी तीन अटी घातल्या. हृदयाची चालती-पट्ट्यावरची तपासणी, महिन्याला एकदा सोडियम, आणि उन्हाची सवय हळूहळू, कारण उष्णतेला सरावायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. मख्तेशमध्ये आम्ही पहिल्याच कडक दिवशी 24 किलोमीटरला निघालो होतो, तीही चूकच. तिन्ही अटी त्यांनी पाळल्या. माझे यजमान शेवटपर्यंत विरोधात होते, आणि त्यांचेही काही चुकत होते असे मला वाटत नाही. धाकट्या भावाने आपल्याला ओळखले नाही, तो दिवस ते विसरलेले नाहीत.

शर्यत शुक्रवारी होती, नोव्हेंबरअखेर. दिवसा तिथे ऊन पंचवीस अंशांच्या आसपास होते, पण पहाटे एलातलाही स्वेटर लागतो. आम्ही वजनकाटा गाडीच्या डिकीत टाकून नेला होता. अंधारात, हॉटेलच्या वाहनतळावर, भावजी मोजे घालून काट्यावर उभे राहिले. 71.4 किलो. अदोमच्या डोंगरामागून उजेड येत होता तेव्हा ते निघाले आणि थोड्याच वेळात वळणाआड गेले. मग आम्ही दोघे बसलो. मला खरे सांगायचे तर त्या तासांत मी तीन वेळा पाणी प्यायले आणि पाच वेळा स्वच्छतागृहात गेले. पुढचे लोक येऊन गेले, त्यांच्या मागचे आले. चार तास झाले, पाच झाले. यजमान एक शब्द बोलत नव्हते.

साडेपाच तास होऊन गेल्यावर ते दिसले, चालत नव्हते, लहान पावलांनी धावतच होते. सदऱ्यावर मिठाच्या रेघा. मी पुढे होऊन आधी त्यांचा हात पाहिला. अंगठी बोटात सैल फिरत होती. मी विचारले, "भावजी, आज वार कुठला?" ते म्हणाले, "शुक्रवार. आणि वहिनी, पाणी देऊ नका, आधी काटा आणा." 70.1 किलो. मग मी त्यांना पेज दिली, थर्मासमध्ये आणलेली, आणि त्यांनी ती उभ्यानेच प्यायली, कारण खाली बसणे त्यांना जमत नव्हते.

रविवारी घरी मलिदा केला. भावजींचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि आमचे तळमजल्यावर. मांड्या अजून भरलेल्या होत्या, म्हणून ते जिना उलटे, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एक एक पायरी मागे टाकत उतरले. खाली माझे यजमान उभे होते, त्यांना धरायला.